पाच फरशा रुंद, आठ फरशा लांब

रविवार, 28 डिसेंबर 2025
रात्री साडेअकरा

पाय ठणकताहेत, पण झोप येत नाही. मग लिहूनच ठेवते.

आज दादरच्या हॉलमध्ये आमचं सगळं खानदान जमलं. लहान-मोठी धरून त्रेसष्ट माणसं. तारखेचा घोळ दोन महिने चालला होता. मार्गशीर्ष संपल्याशिवाय कोंबडी-वडे करायचे नाहीत असं आत्याने बजावलं होतं. नंतर पौष लागला, पौषात लग्नं नसतात, त्यामुळे रविवार असूनही हॉल मिळाला. आत्या चौऱ्याऐंशीची आहे. तिला घ्यायला दोन पुतणे गेले होते, तरी ती सगळ्यांच्या आधी तयार होऊन जिन्यात बसलेली.

आमच्यात एकमेकांना स्टेशनांच्या नावाने ओळखतात. विरारची काकी, बदलापूरचा भाऊ, कळव्याची वहिनी. मी डोंबिवलीची. आज सगळे एका छताखाली पाहिले आणि जाणवलं, की ही नावं आम्ही ठेवलीच नाहीत, ती संपाने ठेवली. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले. मी तेव्हा दहावीला होते, मार्चात बोर्डाची परीक्षा. परीक्षा होईस्तोवर अण्णा कामावर जातील असं आई म्हणत होती. अण्णा पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. संप मागे घेतल्याचं रीतसर कुणी जाहीरही केलं नाही. पुढच्या सात-आठ वर्षांत आईच्या बांगड्या विकून आम्ही डोंबिवलीला, धाकटा चुलतभाऊ विरारला, असे जो तो रेल्वेच्या रुळावरून लांब लांब गेला. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या खोलीत थोरला दादा तेवढा राहिला.

हॉलच्या भिंतीवर भाच्याने वंशावळीचा मोठा कागद लावला होता. सुरेख केला होता, फांद्या, पानं, पानांत फोटो. वर मधोमध लिहिलेलं, मूळ गाव: तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी. खरंच आहे ते. आजोबा पंधराव्या वर्षी हर्णैहून आले. हर्णैला आगबोट धक्क्याला लागत नसे, किनाऱ्यापासून लांब उभी राहायची. पडावातून तिच्यापर्यंत जायचं, मग बोटीवर चढायचं. आजोबांकडे वळकटी आणि तांदळाचं बोचकं एवढंच होतं. पहिली काही वर्षं ते लालबागला गावकीच्या खोलीत राहिले. तिथे भिंतीला लावलेली एक ट्रंक हीच माणसाची जागा. मग गिरणीत साळखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणतात तिथे, कायम झाले, वरळीला खोली मिळाली आणि ते आजीला घेऊन आले. हे सगळं आम्हाला पाठ आहे.

पण तो कागद बघताना मला कसंसंच झालं. दापोलीच्या घरी मी मे महिन्यात जायचे. तिथे आम्हाला "मुंबैवाले आले" म्हणायचे, पाटावर बसवून आधी वाढायचे. माणूस स्वतःच्या घरात असा आधी जेवतो का?

जेवणं झाल्यावर जुने विषय निघाले. अकरा माणसं त्या खोलीत मावायची कशी, हे भाचीच्या नवऱ्याला काही केल्या पटेना. आत्या म्हणाली, "खडू आण गो कुणीतरी." खडू कुठून आला देवाला ठाऊक. हॉलच्या फरशा दोन बाय दोनच्या होत्या. आमची खोली दहा बाय सोळा, म्हणजे 160 चौरस फूट. रुंदीला पाच फरशा, लांबीला आठ. भावाने रेघा मारल्या. ती चौकट बघून सगळे गप्प झाले. एवढीशीच होती ती. हॉलमध्ये लग्नाचा स्टेजसुद्धा तिच्याहून मोठा.

आत्या खुर्चीतून सांगत गेली. इथे दार. ह्या कोपऱ्यात मोरी. मोरीशेजारी पिंप, त्यावर पाट, पाटावर कळशी. ही स्टोव्हची जागा, वर देव. मग म्हणाली, "आता आपापल्या जागी उभे राहा."

आम्ही राहिलो. कुणाला विचार करावा लागला नाही. मी पिंपाच्या डाव्या अंगाला, जिथे रात्री झोपेत हात लांबवला की थंडगार पत्रा लागायचा. काकी तिच्या दोन मुलांच्या मध्ये. आत्या भिंतीला. माझा भाऊ दाराजवळ, आणि तो उभा राहिल्याबरोबर मला अण्णाच दिसले, कारण ती जागा दोघांची होती. अण्णा रातपाळीला. सकाळी सातला पाळी सुटायची, ते घरी येईपर्यंत भाऊ उठलेला असायचा आणि त्याचं अंथरूण गार व्हायच्या आत अण्णा त्यावर आडवे व्हायचे. आई साडीचा पडदा ओढायची. पडद्याच्या अलीकडे आम्ही न बोलता चहा-चपाती खायचो. कुजबुजत बोलायची सवय मला तिथेच लागली, अजून फोनवर लोक म्हणतात जरा मोठ्याने बोला.

अकरातले आम्ही सहाच उरलोय. आजोबा, आजी, थोरले काका, अण्णा, आई, यांच्या फरशा मोकळ्या होत्या. आजोबा तसे खोलीत झोपायचेच नाहीत, बाहेर पॅसेजमध्ये दोन्हीकडच्या खोल्यांतले म्हातारे ओळीने झोपायचे, आजोबा त्यांच्यात. पण आजीची जागा स्टोव्हपाशी. त्या स्टोव्हवर आम्हा अकरा जणांचं व्हायचंच, शिवाय गावची चार माणसं खाणावळीला असायची. आजीला सगळ्यांच्या नंतर जेवताना मी पाहिलं आहे. काय उरलं होतं ते कधी बघितलं नाही. आज तिची फरशी बघताना ते आठवून रडू आवरेना. दादाची नात, सहा वर्षांची, तेवढ्यात येऊन नेमकी त्याच फरशीवर मांडी घालून बसली. आत्याने तिला उठवू दिलं नाही.

चारला आम्ही वीसेक जण तीन टॅक्स्या आणि एका गाडीतून वरळीला गेलो. आमची चाळ पाडून झाली आहे. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने 1920 च्या दशकात बांधलेल्या चाळी त्या. एकट्या वरळीत 121. तळमजल्यावर तीन मजले, एका मजल्यावर वीस खोल्या, मधून काळोखा पॅसेज आणि संडास सगळ्यांना मिळून. पहिल्या दोन नव्या इमारतींत 556 कुटुंबांना या ऑगस्टमध्ये किल्ल्या मिळाल्या, दादा त्यांतला. चाळीस मजल्यांची इमारत, घर पाचशे चौरस फुटांचं.

घर छान आहे. मनापासून लिहिते, छानच आहे. वहिनीने स्वतःच्या घरातल्या संडासाचं दार उघडून दाखवलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते चाळीच्या आठवणींनी गहिवरणाऱ्या प्रत्येकाने बघावं. मीही त्या गहिवरणाऱ्यांतलीच. पहाटे डबा घेऊन रांगेत उभी राहिलेली मुलगी मी विसरले होते, वहिनी चाळीस वर्षं विसरू शकली नाही.

आत्या मात्र खिडकीशी. तिला आपली चाळ कुठे होती ते शोधायचं होतं. वरून काहीच ओळखू येईना. पत्रे, खड्डे, क्रेन. मग तिला जांबोरी मैदान सापडलं आणि तिथून ती बोटाने मोजत आली. एक चाळ, दुसरी चाळ, नळाचा कट्टा. बोट एका जागी थांबलं. तिथे आता पाण्याचे टँकर उभे होते. ती बराच वेळ काही बोलली नाही. संध्याकाळची किरणं तिच्या चष्म्यावर आली तरी हलली नाही.

भाच्याने तो वंशावळीचा कागद गुंडाळून आणला होता, दादाच्या हॉलमध्ये लावायला. लावण्याआधी मी त्याच्याकडून पेन मागितलं. दापोलीखाली जागा होती. मी आत्याला विचारलं, लिहू का? हा कागद तिच्या बापाचा, माझ्या एकटीचा नव्हे. तिने मान हलवली. मी लिहिलं, वरळी, मुंबई.

आत्याने चष्मा पुसून वाचलं.

"चाळीचा नंबर घाल. आणि खोलीचा पण घाल गो. नुसतं वरळी लिहून पत्र कसं पोचायचं?"

घातले.