गंडकीच्या पुलापर्यंत

४ सप्टेंबर, लातूर. रात्रीचे साडेदहा.

परवा महालक्ष्म्या उठल्या, त्यामुळं घर अजून थोडं पसरलेलंच आहे. आज शाळेतून आले तर ह्यांनी बैठकीत भलामोठा नकाशा अंथरून ठेवलेला आणि मुलगा पालथा पडून त्यावर पेन्सिलीनं रेघ ओढत होता. लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, यवतमाळ, वर्धा, नागपूर. मग शिवनी, जबलपूर, रीवा, प्रयागराज, गोरखपूर. सोनौलीपाशी त्याची पेन्सिल थांबली. "बाबा, इथून पुढं दुसरा देश?" हे म्हणाले, "हो, कमान ओलांडली की नेपाळ."

आपल्या दारातून निघायचं आणि त्याच गाडीनं दुसऱ्या देशात जायचं, ह्या गोष्टीनं मला चार महिन्यांपासून वेड लावलंय. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं ठरलंय. तोवर सोयाबीनची रास झालेली असेल, मला दिवाळीची सुट्टी असेल आणि पाऊस सरल्यानं डोंगरातले रस्तेही मोकळे झालेले असतील. सोनौलीपर्यंत सुमारे दीड हजार किलोमीटर आहे. रोज पाचशेच्या वर गाडी चालवायची नाही, अंधार पडला की मुक्काम, हे मी ह्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.

मुलांनी आपापल्या वह्या केल्यात. मुलीच्या वहीत पहिलं पान पेंचचं आहे. नागपूर सोडून शिवनीकडं जाताना जंगलातून जो महामार्ग जातो, तो जनावरांसाठी ठिकठिकाणी खांबांवर उचललेला आहे. वरून गाड्या जातात, खालून वाघ. आपल्याला खालचा वाघ दिसणार नाही, हे तिला कळतं. पण आपण वाघाच्या डोक्यावरून जाणार, एवढं तिला पुरतं. दुसऱ्या पानावर तिनं नेपाळचं घड्याळ काढलंय, आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं. तिसऱ्यावर आपल्या शंभर रुपयांचे तिथले एकशेसाठ कसे होतात त्याचं गणित. तिथं विक्रम संवत चालतं, म्हणून दिवाळीत आपल्या सालात सत्तावन्न मिळवायचे, हे तिनं वर्गात सगळ्यांना सांगून टाकलंय. मुलाचं लक्ष डोंगरावर. आम्ही जाणार त्या पोखरा शहराच्या फेवा तळ्यात माछापुच्छ्रे शिखराचं प्रतिबिंब पडतं. शिखराची उंची ६,९९३ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. चार कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी वर चारशे मीटर उरतात, हा त्याचा हिशोब. मला मात्र त्या तळ्याचीच ओढ लागलीय. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी ह्याच गावात टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी होते. शहराच्या कडेला पाण्यानं भरलेलं तळं आहे आणि लोक संध्याकाळी त्याच्या काठानं नुसते फिरतायत, हे मला माझ्या मुलांना दाखवायचंय.

कागदांचं काम बऱ्यापैकी उरकलंय. आपल्याला तिथं व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. गाडी जितके दिवस आत ठेवायची तितक्या दिवसांचे पैसे सीमेवर भरून परवाना घ्यावा लागतो, त्याला ते भन्सार म्हणतात. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची.

सगळ्यात अवघड गोष्ट होती आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा होकार.

जूनमध्ये पहिल्यांदा विषय काढला तेव्हा सासूबाई सरळ म्हणाल्या, "तुमी जावा. मी नाही येणार. तिथं भुई हलतीय." त्यापुढं कुणाला काही बोलता येईना. त्या औसा तालुक्यातल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, तीन छप्पन्नला, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा त्या माळवदाच्या घरात झोपलेल्या होत्या. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून सगळं गाव दमून झोपलेलं. दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर मातीचं जड माळवद, ते सगळं एकदम खाली आलं. सगळ्या मुलखात मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. ह्यांना अंगणातल्या बाजेवर झोपवलं होतं म्हणून हे राहिले. आत्याबाईंची धाकटी जाऊ गेली. आत्याबाईंना दुपारी बाहेर काढलं. हे मला त्यांनी स्वतः कधीच सांगितलं नाही, ह्यांच्याकडून कळलं. एवढंच दिसतं की अजूनही दर अनंत चतुर्दशीला त्या रात्रभर जाग्या असतात आणि त्यांची बाज कायम दाराजवळ असते. परवा शनिवारी पुन्हा ती रात्र आहे.

२५ एप्रिल २०१५ ला नेपाळात भूकंप झाला तेव्हा टीव्हीसमोरून त्या दोन दिवस उठल्या नव्हत्या. डोंगरातली घरं पडलेली दाखवत होते. त्या बोट दाखवून म्हणाल्या, "बघ, तीच भिंत. दगड अन् माती." खरंच तशाच भिंती होत्या. तिथंही नऊ हजारांच्या जवळपास माणसं गेली.

म्हणून मी पुन्हा विषय काढला नाही. त्यांना एकटं ठेवून जायला माझं मन घेत नव्हतं. सहलच रद्द करू, असं मी ह्यांना दोनदा म्हणाले.

मग श्रावणातल्या एका सकाळी त्या देवपूजा करत होत्या. आमच्या देवघरात एक शाळिग्राम आहे. लिंबाएवढा, काळाभोर, एका बाजूला भोक, आत डोकावलं की शंखासारखी वळणं दिसतात. त्यांच्या आजेसासऱ्यांच्या वेळेपासूनचा. त्या पडलेल्या घराच्या देवळीतून तिसऱ्या दिवशी तो जसाच्या तसा निघाला होता. मुलगा शेजारी बसून म्हणाला, "आज्जी, हा कुठून येतो माहिताय का? नेपाळमधून. काळी गंडकी नदीतून. कोट्यवधी वर्षांपूर्वी हिमालयाच्या जागी समुद्र होता, त्यातल्या जिवाचा हा दगड झालाय." त्यांनी शाळिग्राम पुसता पुसता हातातच धरून ठेवला. "समुद्र होता म्हणतो? अन् मग त्याचा डोंगर झाला?"

"हो. जमीन खालून ढकलत ढकलत वर आली. अजून येतीय. म्हणून तिथं भूकंप होतात."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. पूजा उरकून भाजी निवडायला बसल्या तेव्हा मला विचारलं, "ती नदी लागती का तुमच्या रस्त्याला?"

लागते. सोनौलीहून पोखऱ्याला सिद्धार्थ राजमार्ग जातो. तानसेन सोडल्यावर रामदी म्हणून गाव आहे, तिथं हा रस्ता पुलावरून काळी गंडकी ओलांडतो. मी मोबाईलवर पुलाचे फोटो दाखवले. त्यांनी चष्मा लावून एकेक फोटो बोटानं मोठा करून पाहिला. मग म्हणाल्या, "मुक्तिनाथाच्या देवळापस्तोर नाही येणार, तिथं लई उंच हाय म्हणतेत. पर पुलापस्तोर येते." आणि थोड्या वेळानं, "तिथल्या बायांना इचारायचंय मला. घरात झोपतेत का त्या आता?"

तेव्हापासून त्याच आमच्या पुढं आहेत. वाटेत काय खायचं ते त्यांनी ठरवलंय. दोन दिवस टिकतील अशा दुधातल्या दशम्या, धपाटे, शेंगादाण्याची चटणी, आणि येसर, म्हणजे कुठंही गरम पाणी मिळालं की आमटी होईल. मतदार ओळखपत्र त्यांनी रुमालात बांधून उशीखाली ठेवलंय.

आज नकाशा गुंडाळून ठेवला तेव्हा त्या आतून एक तांब्याचा गडू घेऊन आल्या. मी इतक्या वर्षांत तो पाहिला नव्हता. कुठल्यातरी पेटीच्या तळाशी होता. एका बाजूनं पार चेपलेला, काठ आत वळलेला, ओट्यावर ठेवला तर कलंडतो. "त्याच घरातला," एवढंच म्हणाल्या. त्यातून गंडकीचं पाणी आणायचंय, शाळिग्रामाला घालायला. मी म्हटलं, आपण नवा घेऊ, ह्याला झाकण बसणार नाही. त्यांनी मान हलवली.

आत्ता त्या झोपल्यात. मी चिंच आणि मीठ लावून गडू घासून काढला. बाहेरून लख्ख झालाय, पण चेपलेल्या घडीत हात जात नाही, तिथं काळपट राहिलंय. हे उद्या गंजगोलाईत जाऊन विचारून येणार आहेत, पोचा न काढता नुसता काठ सरळ करून झाकण बसवून देईल का कुणी.