दहा मार्कांसाठी आलेली पोरं

एनएसएसला (राष्ट्रीय सेवा योजना, कॉलेजच्या पोरांनी समाजसेवा करायची ती) पोरं दहा मार्कांसाठी येतात, हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता कोणी म्हणालं की मी सरळ "हो, येतात की" म्हणते आणि चहा पिते. मी पण त्यासाठीच गेले होते. सेकंड इयरला गणिताची भीती होती, सीनियर ताईने सांगितलं की वर्षाला 120 तास भरायचे, दोन वर्षांत 240, मध्ये एक सात दिवसांचं शिबिर करायचं, मार्क मिळतात. समाजसेवा वगैरे शब्द पण कोणी काढला नव्हता. आणि खरं सांगू का, त्यात काही बिघडलं असं मला अजूनही वाटत नाही.

कारण पोरांकडून सेवा सक्तीने करून घ्यायची की खुशीने, हा वाद लई जुना आहे. 1959 मध्ये सी. डी. देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने एक समिती नेमली होती, हेच आपले रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि नंतर अर्थमंत्री झालेले चिंतामणराव. तर त्या समितीने म्हटलं होतं की शाळा संपवून कॉलेजला जाणाऱ्या प्रत्येकाला आधी नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा सक्तीची करा. विचार करा, वर्षभर! अर्थातच एवढा पैसा आणायचा कुठून म्हणून ते बारगळलं, मग पुढं बरीच वर्षं समित्या, अहवाल, परिषदा असं चालू राहिलं आणि शेवटी गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 24 सप्टेंबर 1969 ला, 37 विद्यापीठांत 40 हजार पोरापोरींना घेऊन एनएसएस सुरू झालं, तेही ऐच्छिक. आता ऐच्छिक म्हटल्यावर वीस वर्षांचं पोरगं रविवारी सकाळी सातला गटार साफ करायला का येईल? काहीतरी द्यावंच लागणार ना. मार्क द्या, सर्टिफिकेट द्या, आता एनईपी (नवं शैक्षणिक धोरण) आल्यापासून को-करिक्युलरचे दोन क्रेडिट द्या. माझं काही म्हणणं नाही. पोरगं कशासाठी आलं ते सोडा, आल्यावर त्याला काय काम दिलं ते बघा.

आमचं शिबिर पुरंदर तालुक्यातल्या एका गावात होतं. मुली झेडपी शाळेच्या दोन वर्गांत, मुलं देवळाच्या सभामंडपात, सकाळी प्रभात फेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक (म्हणजे पंख्याखाली झोप), संध्याकाळी घरोघरी सर्व्हे आणि रात्री कार्यक्रम. हे सगळीकडे असतंच, पण आमचे पीओ सर (प्रोग्राम ऑफिसर, म्हणजे एनएसएस बघणारे प्राध्यापक) जरा वेगळे होते. शिबिराच्या महिनाभर आधी ते स्वतः गावात जाऊन बसले होते आणि ग्रामपंचायतीत विचारलं होतं की तुम्हाला नक्की काय करून पाहिजे. कॉलेजची यादी होती वृक्षारोपण, व्यसनमुक्ती पथनाट्य, वाचन संस्कृती. गाव म्हणालं, ओढ्यावर वनराई बंधारा घालून द्या, आणि पाणी वाहतंय तोवरच या, नंतर येऊन उपयोग नाही.

हे नंतरवालं वाक्य महत्त्वाचं आहे. बहुतेक कॉलेजं परीक्षा संपल्यावर डिसेंबर-जानेवारीत शिबिर लावतात, तोवर आमच्या भागातले ओढे खडखडीत झालेले असतात, आणि मग कोरड्या ओढ्यात बंधारा बांधून त्याच्यापुढं ग्रुप फोटो. सरांनी कुठं कुठं भांडून दिवाळीच्या सुट्टीतच शिबिर घेतलं. आईने तर दोन दिवस अबोला धरला होता, दिवाळीत पोरगी घराबाहेर राहणार म्हणून, शेवटी पालक संमतीपत्रावर बाबांनी गुपचूप सही केली.

वनराई बंधारा म्हणजे रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत माती-वाळू भरायची आणि ओढ्यात आडव्या रचायच्या, बास. ऐकायला सोप्पं. आम्ही इंजिनियरिंगची पोरं, पहिल्याच तासात गच्च भरून गोण्यांचे गोळे करून ठेवले. गावातले एक आजोबा काठीवर हनुवटी ठेवून बघत होते, ते म्हणाले, "पोरींनो, तोंडापातुर भरू नका, ती बसायची न्हाय." मग कळलं की पाऊण भागच भरायची, म्हणजे ती चपटी होते आणि शेजारचीला चिकटून बसते. दाभण आणि सुतळीने तोंड शिवायचं. वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही, मधल्या फटीत चिखल दाबायचा. आमच्या वर्गातला एक जण, जो फक्त मार्कांसाठी आलाय असं स्वतःच सगळ्यांना सांगत फिरायचा, तो दाभण हातात घेऊन बसला तो उठलाच नाही, बोटं सोलली तरी. कारण त्याला ते जमायला लागलं होतं! आणि चौथ्या दिवशी बंधाऱ्याच्या मागं पाणी चढायला लागलं तेव्हा सगळ्यात जास्त तोच ओरडला. पुढच्या पावसाळ्यात पहिल्या लोंढ्याबरोबर असला बंधारा वाहून जातो, तो तेवढ्यासाठीच असतो, पण तोवर आजूबाजूच्या विहिरींना पाणी राहतं आणि रब्बीला एखाद-दुसरं जास्तीचं पाणी देता येतं.

आता भाचीचं ऐका. ती यंदा फर्स्ट इयरला आहे, एनएसएस घेतलंय. मला म्हणते, "मावशी, आमच्याकडं झाडू मारायच्या आधी फोटो काढतात. मग नाही मारला तरी चालतं." जिओटॅगवाला फोटो पाहिजे, खाली अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, कारण नॅकची (कॉलेजांना दर्जा देणारी संस्था) फाइल भरायची असते. बॅनर पाहिजे, बॅनरवर सगळ्या मान्यवरांची नावं पाहिजेत. जागा तीच, खड्डा तोच, दर जुलैला नवीन रोप. मला फोटोचा राग नाही, आम्ही पण काढले भरपूर, पण दोन तासांच्या कार्यक्रमात दीड तास बॅनर सरळ करण्यात गेला तर मार्कांसाठी आलेलं पोरगं मार्क घेऊनच जाणार, दुसरं घेण्यासारखं तिथं ठेवलंयच काय? आणि मग आपणच म्हणायचं की हल्लीच्या पोरांना तळमळ नाही.

उलट जिथं काम खरं असतं तिथं पोरं टिकतात हे मी वारीत बघितलंय. आषाढीला पुणे विद्यापीठाची एनएसएसची मुलं पालखीबरोबर असतात, पंगत उठली की पत्रावळ्या गोळा करायच्या, खतासाठी वेगळ्या काढायच्या, पुढच्या मुक्कामाला चालायला लागायचं. खरकट्यात हात घालायचं काम आहे, वर पाऊस, पायाखाली चिखल. कोणी कुरकुर करत नाही असं नाही, चिक्कार करतात. पण एखादी आजी पत्रावळ स्वतःच आणून पोत्यात टाकते आणि "माऊली" म्हणून पाया पडायला वाकते, तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या पोराची जी तारांबळ उडते ना! 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला तेव्हा पण, पाणी ओसरल्यावर घराघरातला चिखल काढायला कितीतरी कॉलेजची मुलं गेली होती. ट्रकभर जुने कपडे पाठवणारे खूप होते, त्या कपड्यांचे ढीग नंतर गावांनाच डोईजड झाले. फावडं घेऊन येणारे कमी होते.

तर पीओ सर-मॅडम लोकांपैकी कोणी वाचत असेल तर एवढंच करा, बॅनर छापायच्या आधी गावात एक चक्कर मारा. तुम्हाला अनुदान तुटपुंजं मिळतं, शिकवायचे तास पण कमी होत नाहीत, वर रिपोर्ट, पोर्टल, सगळं माहितीय. तरी मारा.

आणि शिबिराला जाणाऱ्या पोरींनो, चपला नको, जुने बूट न्या. ओडोमॉस, टॉर्च, दोन जास्तीच्या ओढण्या, सोललेल्या बोटांसाठी चिकटपट्टी. घरच्यांना सरांचा नंबर आधीच देऊन ठेवा, नाहीतर रोज रात्री फोन येतो. एक्स्टेंशन बोर्ड विसरू नका, झेडपी शाळेच्या वर्गात प्लग एकच असतो आणि मोबाइल तीस.