निपाणी ते कणकुंबी, वाकळीसह

यंदा जानेवारीच्या २४, २५ आणि २६ या तिन्ही तारखा सुट्टीच्या आल्या. चौथा शनिवार म्हणून बँका बंद, मग रविवार, त्याला लागून प्रजासत्ताक दिन, आणि रविवारीच रथसप्तमी. त्यामुळे बँकेत नोकरी करणाऱ्या आमच्या चिरंजीवांना एरवी कधी न सापडणारे तीन मोकळे दिवस सापडले आणि "या वेळी तुम्ही दोघेच बेळगावला या" असा त्यांचा फोन आला. निपाणीहून बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर. अंतर काही फार नव्हे. पण शाळेतून निवृत्त झाल्यापासून परक्या अंथरुणात मला झोप येत नाही, आणि मुलाचे घर परके म्हणायचे की आपले, हे अजून माझे मलाच नीटसे ठरवता आलेले नाही.

सौभाग्यवतींची तयारी मात्र दिवाळीपासूनच चालू होती. दोन्ही घरच्या नातवंडांसाठी म्हणून तिने वाकळ शिवायला घेतली होती आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिचा शेवटचा टाका पडला. शेंगदाण्याची चटणी, संकेश्वरी मिरचीचे तिखट, गूळ आणि कडक भाकरी एका पिशवीत मावली. वाकळीने दुसरी पिशवी एकटीनेच अडवली. जुन्या लुगड्यांचे आणि साड्यांचे पाच थर, वरून ठिगळांचा पट, आणि कडेपासून आत-आत वळत मध्यापर्यंत गेलेला पांढरा धावदोरा. उलट्या बाजूने पाहिले तर रंग एकच, पण टाक्यांच्या ओळी नांगरटीसारख्या उठून दिसतात. चाळिशी लावून ती रोज दुपारी दोन तास शिवत बसे, आणि टाका वाकडा गेला की उसवून पुन्हा घाली. बाजारात हलकी, मऊ ब्लँकेटे मिळतात, हे मी एकदा बोलून पाहिले होते. पुन्हा बोललो नाही.

शनिवारी सकाळी आम्ही वायव्य कर्नाटक परिवहनच्या गाडीत बसलो. २०२३ च्या जूनपासून राज्यातल्या स्त्रियांना साध्या बसमध्ये मोफत प्रवास आहे, म्हणून हिने आधार कार्ड दाखवून शून्य रकमेचे तिकीट घेतले आणि मी पैसे मोजले. कंडक्टरने पिशवीला हात लावून "कौदी एन्री?" असे विचारले, आणि हिने मान हलवल्यावर तो आमच्या भाषेवर आला, "असली आता कोण शिवतंय, आजी?" वाकळीला कन्नडमध्ये कौदी म्हणतात. वस्तू तीच, हात तेच, फक्त नाव बदलते. सीमाभागातल्या पुष्कळ गोष्टींचे असेच आहे.

तवंदीच्या घाटात धुके इतके दाट होते की पुढच्या ट्रकचे केवळ तांबडे दिवे दिसत होते. याच रस्त्याने १९८१ साली माझी वरात यायची होती. त्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये तंबाखूला योग्य भाव मिळावा म्हणून शेतकऱ्यांनी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बैलगाड्या उभ्या करून अडवला होता. शरद जोशी त्यांचे पुढारी होते आणि ६ एप्रिलला गोळीबार होऊन आंदोलन मोडले गेले. आमचे लग्न त्याच धामधुमीतले. संकेश्वरजवळच्या हिच्या माहेराहून वऱ्हाड आडवाटेने, खेड्याखेड्यांतून, निम्मे ट्रकने आणि निम्मे पायी निपाणीत पोहोचले आणि गृहप्रवेश दिवेलागणीनंतर झाला. त्या दिवशीच्या हिरव्या शहापुरी साडीचा एक तुकडा वाकळीच्या बरोबर मधोमध बसवलेला आहे, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या हिने ते सहज सांगितले.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे आणि तिथली थंडी निपाणीपेक्षा कोरडी वाटते. चिरंजीवांचे घर टिळकवाडीत, तिसऱ्या मजल्यावर. चहाबरोबर ताजा कुंदा आला. संध्याकाळी दहा वर्षांची नात मला वीरसौध दाखवायला घेऊन गेली. १९२४ चे काँग्रेस अधिवेशन इथे भरले होते आणि गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेले ते एकमेव अधिवेशन, ही माहिती ती शाळेच्या प्रश्नमंजुषेसाठी पाठ केलेल्या इंग्रजी वाक्यांत सांगत होती. मी छत्तीस वर्षे इतिहास शिकवला. पण नातीकडून ऐकताना मध्ये बोलू नये, इतके शहाणपण मला उशिरा का होईना आले आहे.

रात्री सूनबाईंनी सर्वांसाठी नवी ब्लँकेटे काढली होती. नातीने वाकळ अंगावर घेतली, "जड आहे" म्हणून बाजूला केली, आणि अर्ध्या तासाने "आजी, थंडी वाजालीय की" म्हणत पुन्हा ओढली. मग परीक्षा सुरू झाली. हा जांभळा कोणाचा? आजीच्या आईच्या इरकलीचा. हा फुलाफुलांचा? तुझ्या आत्याच्या परकराचा. हा चौकड्यांचा? तुझ्या बाबांच्या शाळेच्या शर्टाचा. इथे चिरंजीव वर्तमानपत्र बाजूला ठेवून उठले आणि स्वतः वाकून पाहू लागले.

रविवारी पहाटे पाचला मला जाग आली. गीझरचे बटण कोणते, हे रात्री दोनदा सांगूनही मी विसरलो होतो. घरी आमचा बंब बरा. कोणाला उठवायचे नाही, आवाज करायचा नाही, अशा पाहुण्याच्या सावधपणाने मी चहासाठी दूध गॅसवर ठेवले, खिडकीतून धुके पाहत उभा राहिलो, आणि दूध ओट्यावरून जमिनीपर्यंत गेले. करपलेल्या वासाने सगळे घर जागे झाले. मी फडके शोधत असताना ही दारात येऊन म्हणाली, "असू द्या. रथसप्तमी आहे, दूध ऊतू जायलाच हवं." आमच्या अंगणात या दिवशी गोवऱ्यांवर सूर्यासमोर दूध ऊतू घालतात. सूनबाई हसल्या, पण शेगडी पुसायला त्यांना पाऊण तास लागला, आणि त्यानंतर परत निघेपर्यंत चहा मी मागितल्याशिवाय समोर येऊ लागला.

नऊच्या सुमारास गाडीने पिरनवाडी, किणये, जांबोटीमार्गे कणकुंबीला निघालो. जांबोटीनंतर जंगल दाट होते आणि ऊन असूनही हवा बोचते. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे. माऊली देवीच्या देवळाजवळच्या त्या शांत पाण्याकडे पाहून, हीच नदी पुढे ३०० किलोमीटरहून अधिक वाट चालून कूडलसंगमला कृष्णेला मिळते, यावर नातीचा विश्वास बसेना. पलीकडे चोर्ला घाट उतरला की गोवा. समुद्र इतका जवळ असताना नदी पाठ फिरवून पूर्वेला का जाते, हा तिचा प्रश्न होता. सह्याद्रीचा उतार बोटाने जमिनीवर काढून दाखवला, तेव्हा तिला पटले. याच परिसरातल्या कळसा नाल्याचे पाणी मलप्रभेत वळवण्यावरून कर्नाटक आणि गोवा यांचा वाद चालू आहे, हे मात्र मी सांगायचे टाळले. सहलीत तेवढे पुरे.

तिथून उलटे जांबोटीला येऊन खानापूरला लेकीकडे गेलो. तिचे सासर कौलारू, मागे परसू, चुलीवर पाणी. इथे मला बटणे विचारावी लागत नाहीत. नातीने वाकळ गाडीतून आणलीच होती; रात्री ती आणि तिचा सहा वर्षांचा आतेभाऊ तिच्याखाली ओढाओढी करत झोपले आणि पहाटे पाहिले तर वाकळ संपूर्ण त्याच्याकडे होती. खानापूरला मलप्रभेच्या काठाचे धुके उशिरापर्यंत हटत नाही. सोमवारी त्याच धुक्यात नातवाच्या मराठी शाळेत झेंडावंदन झाले. पोरे काकडत उभी होती, आणि ध्वनिवर्धक दोन वेळा बंद पडल्याने राष्ट्रगीत शेवटी त्यांनी त्याच्याशिवायच म्हटले, ते जास्त चांगले झाले.

निघताना वाकळ कोणाची, यावरून रडारड झाली. थंडी इथे जास्त, म्हणून ती खानापूरला राहिली. नातीने बेळगावपर्यंत आमच्याशी अवाक्षर काढले नाही, आणि मला ते अन्यायाचेच वाटले, कारण ठिगळे तिने पाठ केली होती.

निपाणीच्या गाडीत आमच्या खिडकीची काच अडकलेली होती. वंटमुरीच्या घाटात वारा थेट कानात शिरू लागला, तेव्हा मी ती बंद करण्याची शेवटची खटपट केली आणि सोडून दिली. ही पदर कानावरून घट्ट ओढत म्हणाली, "ट्रंकेत त्या दोन नारायणपेठी आहेत ना, विरलेल्या. आणि तुमचा तो तपकिरी कोटही आता तुम्ही घालत नाही."

तो कोट मी घालतो. पण घाट उतरेपर्यंत मी काही बोललो नाही.