पाचव्या स्थानावरचा दगड

ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती, तेव्हा मी येरुशलेमला गेले. प्रार्थना सुटली होती. मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला, बसायचे, ओठ हलायचे, आत काही उमटत नसे. भेटायला येणारं प्रत्येक जण ‘देवाची इच्छा’ म्हणायचं आणि दर वेळी मी देवापासून आणखी लांब जायचे.

शुक्रवारी दुपारी तिथले फ्रान्सिस्कन संघाचे फादर क्रुसाच्या वाटेची, म्हणजे येशू क्रूस घेऊन गेला त्या वाटेची, मिरवणूक काढतात. त्यांच्यामागून चालू लागले. त्या प्रवासातला एकेक प्रसंग आठवायला थांबायची स्थानं चौदा, अंतर एक किलोमीटरही नाही. सिंहद्वाराजवळून निघालेली ती दगडी वाट पुढे भर बाजारातून जाते. दोन्हीकडे दुकानं, हाका, गर्दी. मला राग आला, इथं तरी शांतता हवी होती. मग वाटलं, त्या दिवशीही असंच असेल. वल्हांडण या यहुदी सणाचे दिवस, शहर यात्रेकरूंनी भरलेलं, आणि त्यातून येशू क्रूस ओढत चाललेला. येशू नेमका याच गल्ल्यांतून गेला असं अभ्यासक म्हणत नाहीत. ही वाट भक्तांच्या पायांनी ठरत गेलेली आहे. मला तेवढं पुरेसं होतं.

पाचवं स्थान शिमोन कुरेनेकराचं. रानातून येणारा, वाटेनं जाणारा माणूस. शिपायांनी त्याला धरलं आणि येशूचा क्रूस वाहायला लावला. तिथल्या लहानशा चॅपेलच्या दाराशेजारी भिंतीत एक दगड आहे, त्यात तळव्याएवढा खळगा. येशूने तोल सावरायला इथं हात टेकला, अशी श्रद्धा. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हातांनी तो खळगा तुळतुळीत झालाय. मीही हात ठेवला. गार होता, किंचित तेलकट.

आणि ह्यांची पाठ आठवली. शेवटच्या चार महिन्यांत त्यांना कूस बदलायला दोन माणसं लागायची. शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा रोज रात्री अकराला यायचा, चप्पल बाहेर काढून, काही न बोलता. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. ‘काकी, तुम्ही फक्त उशी धरा,’ एवढंच. मला त्याचा संकोच वाटायचा. मी देवाकडे बरं होणं मागत होते, आणि देव काही देत नाही म्हणून रडत होते.

देवाच्या पुत्रालाही एकट्यानं ते ओझं झेपलं नाही. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण हे मला त्या दगडापाशी कळलं.

शेवटची पाच स्थानं पवित्र कबरेच्या मंदिरात आहेत. उभ्या पायऱ्या चढून गुलगुथाच्या खडकावर गेले, येशूला क्रुसावर दिलं ती ही जागा. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे तो इथंच ओरडला. तीन वर्षं मी हेच विचारत होते आणि त्याला पाप समजत होते. वेदीखाली एक छिद्र आहे, गुडघे टेकून आत हात घातला की खडक लागतो. मागे रांग होती, तरी मला उठवेना. देव माझ्यावर रागावलेला नव्हता. तो इथं, या प्रश्नात, माझ्या आधी येऊन गेला होता. खूप रडले. ते रडणं वेगळं होतं, त्यात कुणीतरी सोबत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे एकटीच पाचव्या स्थानावर परत गेले. बाजार अजून उघडला नव्हता. खळग्यात हात ठेवला आणि त्या मुलाचं नाव घेऊन देवाचे आभार मानले.