गिटार किट, टप्पा १: रंगाआधीची उलटतपासणी

सुट्या भागांतून घरी गिटार जोडायच्या किटचं खोकं उघडलं की सगळं लगेच जोडून बघावंसं वाटतं. यावेळी हात आवरला. मागच्या किटला हौसेने आधी रंग दिला आणि नेक (गिटारचा लांब दांडा) बसवताना कळलं की बॉडीतली त्याची खोबणच तिरकी आहे. रंगवलेली बॉडी परत कोण घेणार! म्हणून या टेलिकास्टर (एक प्रसिद्ध इलेक्ट्रिक गिटार) छापाच्या किटचा पहिला आठवडा नुसता मोजण्यात घालवला.

निवडताना बोल्ट-ऑन नेकवर अडून बसलो. चिकटवलेला नेक एकदा चुकला की संपलं; चार स्क्रूंचा नेक दहादा काढता येतो. स्केल (तारेची वाजणारी लांबी) २५.५ इंच, म्हणजे ६४८ मिमी. त्यामुळे नटपासून (नेकच्या टोकाचा, तारा टेकतात तो आधार) १२व्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या कांड्या) त्याच्या निम्मं, ३२४ मिमी भरायला हवं. स्टीलची पट्टी लावली, भरलं. ब्रिज (बॉडीवरचा तारांचा आधार) नुसता ठेवून त्यावरचे सॅडल, म्हणजे तारा टेकायचे सरकते तुकडे, पुढे-मागे करून पाहिले. ते ६४८च्या थोडं अलीकडेही येतात आणि तीन-चार मिमी पलीकडेही जातात. जाड तारांना ही मागची जागा लागतेच, नाहीतर इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर येणं) जुळत नाही.

मग दोऱ्याची परीक्षा. दोन्ही ‘ई’ तारांच्या जागी नटपासून ब्रिजपर्यंत शिवणाचा दोरा ताणला. बारीक ‘ई’चा दोरा शेवटच्या फ्रेटवर जवळजवळ कडेला टेकलेला, जाड बाजूला मात्र ऐसपैस जागा. पोटात गोळा आला. पण खोबणीत नेक किंचित हलत होता. स्क्रू अर्धा फेरा सैल केले, नेक एका बाजूला ओढून धरला आणि पुन्हा आवळले. दोन्ही दोरे सारखे आले. सैल खोबणीला शिव्या देणार होतो, त्या गिळल्या.

फ्रेट तपासण्याआधी ट्रस रॉडने (नेकच्या आतली, बाक कमी-जास्त करणारी सळई) नेक सरळ करून घ्या, नाहीतर तपासणीला अर्थ नाही. पट्टीचा छोटा तुकडा तीन-तीन फ्रेटवर ठेवून डोलतो का ते पाहिलं. १४व्यावर टक-टक झाली. फ्रेट नीट बसला नसेल तर लाकडी हातोडीचा हलका ठोका पुरेल, कानस नंतर.

बॉडी बासवूडची. मला पारदर्शक निळा हवा होता. ओलसर फडकं फिरवलं तर सगळं लाकूड गडद झालं, पण सांध्याजवळ बोटाएवढे दोन डाग फिकेच राहिले. गोंद. तिथे डाय (लाकडात मुरणारा रंग) मुरणार नाही. घासून पाहीन, नाही गेले तर निळ्याचा नाद सोडून अपारदर्शक रंग.

शेवटी मल्टिमीटर. पॉट (आवाज आणि टोन कमी-जास्त करायच्या बटणांखालचे भाग) २५० किलोओहमचे. एक २१८, दुसरा २३१ दाखवतो. २० टक्के इकडे-तिकडे चालतं. नेककडचा पिकअप (तारांची कंपनं विजेच्या संकेतात बदलणारी गुंडाळी) ६.३ किलोओहम. ब्रिजकडचा काहीच दाखवेना. भिंगातून पाहिलं तर गुंडाळीची केसासारखी तार आयलेटपाशी (ती जोडायचं धातूचं छिद्र), डाखाच्या अगदी कडेला तुटलेली. टोक जरा लांब असतं तर मीच डाख दिला असता. विक्रेत्याला फोटो पाठवलाय, तो बदली पिकअप द्यायला तयार आहे. तोवर पॉलिश पेपर कपाटात.