कडेची धार

आम्ही प्रोटॉनांचा झोत वस्तूच्या आरपार पाठवून तिचं चित्र काढतो; याला प्रोटॉन रेडिओग्राफी म्हणतात. चित्र धूसर आलं की भिंगाकडे बघायचं, एवढंच मला तेव्हा कळत होतं. आमची भिंगं म्हणजे क्वाड्रुपोल, चार ध्रुवांचे चुंबक. एक क्वाड्रुपोल प्रोटॉनांचा झोत आडवा आवळतो, पण उभा फाकवतो. म्हणून चार चुंबक आलटून पालटून लावायचे. वस्तूतून जाताना प्रोटॉन थोडे विखुरतात; ते पुन्हा जागच्या जागी आणून चित्र उमटवायचं काम या चौघांचं. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत 800 एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट) ऊर्जेच्या प्रोटॉनांवर ही पद्धत 1990 च्या दशकात उभी राहिली. जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या 'प्रायर' या प्रोटॉन सूक्ष्मदर्शकात आधी स्थायी चुंबक होते, पण किरणोत्साराने त्यांची ताकद घटली आणि पुढच्या आवृत्तीत विद्युतचुंबक आले. आमच्याकडेही विद्युतचुंबकच. करंट ठरवला की चुंबकीय क्षेत्र ठरलं, असं मी धरून चाललो होतो.

चाचणीला टंगस्टनची पट्टी ठेवली होती. चौकटीच्या मधोमध तिची कड अगदी रेखीव दिसायची, कोपऱ्यात मात्र दुधाच्या सायीसारखी पसरायची. दोन शिफ्ट मी भिंगांचे करंट थोडे थोडे हलवत बसलो. कोपरा सुधारला नाहीच, उलट मधलंही बिघडलं. शेवटी रात्रपाळीला एक ज्येष्ठ सहकारी आल्या. चित्र नीट पाहून म्हणाल्या, "मधलं चांगलं येत होतं ना? मग भिंगाला हात लावू नकोस. झोत वस्तूवर कसा येतोय ते बघ."

मग डोक्यात प्रकाश पडला. सगळ्या प्रोटॉनांची ऊर्जा सारखी नसते. कमी ऊर्जेचे जास्त वळतात आणि चित्रात जागा चुकवतात. ही चूक प्रोटॉन किती तिरपा शिरतो त्यावरही अवलंबून असते. म्हणून झोत वस्तूवर पंख्यासारखा उलगडून आणायचा: केंद्रापासून जितकं दूर, तितका कोन, आणि दोन्हींचं प्रमाण भिंगाच्या रचनेतून ठरलेलं. ते जुळलं की जागेवर अवलंबून असलेली धूसरता जाते, फक्त विखुरण्यातून येणारी उरते. भिंगांच्या मध्यावर प्रोटॉन जागेनुसार नाही तर विखुरण्याच्या कोनानुसार वेगळे होतात. तिथल्या कॉलिमेटरने, म्हणजे मधे भोक असलेल्या आडोशाने, फार विखुरलेले अडवायचे.

आमचं बिघडलं होतं ते वस्तूच्या आधीच्या चुंबकांत. करंटचे आकडे बरोबर होते, क्षेत्र नव्हतं. लोखंड मागचं लक्षात ठेवतं: वरून खाली आणलेला करंट आणि खालून वर नेलेला करंट, आकडा एकच असला तरी क्षेत्र वेगळं. आदल्या दिवशी मी घाईत खालून वर नेला होता.

या वेळी करंट तीन वेळा पूर्ण वर, पूर्ण खाली. मग वरून सावकाश उतरत ठरलेल्या आकड्यावर. पाऊण तास गेला. पहाटे चारच्या सुमारास नवं चित्र आलं. कोपऱ्यातली कड मोजली, मग मधली मोजली. दोन्हीकडे तेवढेच पिक्सेल. मी पुन्हा एकदा मोजून पाहिली आणि वहीत करंटच्या आकड्यांपुढे प्रत्येक वेळी एक बाण काढला, खाली टोक असलेला.