पातिमोक्ख म्हणायला किती भिक्खू लागतात?

'ज्याची त्याची मुक्ती' म्हटलं की लेण्यात डोळे मिटून बसलेला एकटा भिक्खू डोळ्यांपुढे येतो. तिबेटी परंपरेत तर 'प्रातिमोक्ष' (पालीत पातिमोक्ख, म्हणजे भिक्खूंच्या नियमांची संहिता) या शब्दाचा अर्थच तसा लावतात. गंमत अशी, की हा प्रातिमोक्ष म्हणायला विनयाप्रमाणे (संघाच्या शिस्तीच्या नियमांप्रमाणे) किमान चार भिक्खू लागतात. तिघे किंवा दोघे असतील तर पठण नाही, एकमेकांना 'मी परिशुद्ध आहे' एवढंच सांगायचं. एकटा असेल तर त्याने मनाशी उपोसथाचं (पंधरवड्याच्या या पठण-दिवसाचं) अधिष्ठान, म्हणजे निश्चय, करायचा.

पंधरवड्याच्या चौदाव्या किंवा पंधराव्या दिवशी संघाने आखलेल्या सीमेच्या आतले सगळे भिक्खू हजर हवेत. आजारी असलेल्याने दुसऱ्याकरवी परिशुद्धी कळवायची. तेही जमत नसेल तर त्याला खाटेसकट उचलून आणायचं, आणि हलवल्याने आजार बळावणार असेल तर संघानेच त्याच्यापाशी जायचं. त्याला वगळून मात्र उपोसथ करायचा नाही.

दोष घडला असेल तर कबुली पठणाआधी. इथे एक गोची आहे: दोघांकडून एकच दोष घडला असेल तर त्यांना एकमेकांपुढे कबुली देता येत नाही. अख्ख्या संघाचाच तो दोष असला तर एकाने शेजारच्या विहारात जाऊन कबुली देऊन यायचं, मग बाकीच्यांनी त्याच्यापुढे.

कार्ल्याच्या शिलालेखांत महासांघिकांना (थेरवादी, धर्मगुप्तक यांच्यासारखाच एक बौद्ध पंथ) दिलेली दानं आहेत. त्यांच्या आज उपलब्ध पाठात भिक्खूंचे नियम 218, थेरवाद्यांचे 227, धर्मगुप्तकांचे 250. आकडे पाहून भांडण मोठं वाटतं, पण 4 पाराजिक (संघातून बाहेर काढणारे दोष) आणि 13 संघादिसेस (संघापुढे प्रायश्चित्त घ्यावे लागणारे) तिन्हीकडे आहेतच. फरक जवळजवळ सगळा जेवणं-चालणं-चीवर नेसणं अशा सेखिय नियमांत: 66, 75 आणि 100. धर्मगुप्तकांच्या शंभरात 26 नुसते स्तूपाशी कसं वागावं याचे!

उपसंपदेला, म्हणजे पूर्ण भिक्खू म्हणून दीक्षा द्यायला, दहा भिक्खू लागत. अवंती-दक्षिणापथात (माळवा आणि त्याच्या दक्षिणेकडे) भिक्खू इतके विरळ, की सोण कुटिकण्ण या आपल्या शिष्यासाठी दहाजण जमवायला बुद्धांचे शिष्य महाकच्चायन यांना तीन वर्षं लागली. पुढे सोण श्रावस्तीला गेला तेव्हा त्याच्याकरवी त्यांनी बुद्धांकडे सवलती मागितल्या. सरहद्दीवरच्या प्रदेशांत पाच भिक्खू पुरतील अशी मुभा मिळाली, फक्त त्यांतला एक विनयधर (विनयाचा जाणकार) हवा. त्याच मागण्यांत जाड तळाच्या वहाणाही होत्या. कारण दिलंय: तिथली जमीन काळी, टणक आणि गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली. वैशाखात काळ्या रानातून अनवाणी चाललेल्याला हे वेगळं समजवायला नको.